दोन तास हॉल, आणि घरी बसायला कोणीतरी

महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या अध्यक्षांना आणि कार्यकारिणी सदस्यांना खुले पत्र



मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र वाचताना ती कुठे येते याची वाट बघावी लागणार नाही. महिन्यातून एकदा, शक्यतो शनिवारी दुपारी तीन ते पाच, तुमच्या संघाचा हॉल आम्हाला हवा आहे. आणि त्याच दोन तासांत संघाचे तीन-चार सभासद आमच्यापैकी काहींच्या घरी जाऊन बसतील, एवढी सोय हवी आहे. निधी नको, व्याख्याते नकोत. सतरंजीही नको, गुडघ्यांमुळे आम्हाला खुर्च्याच लागतात.

‘आम्ही’ म्हणजे घरात डिमेन्शियाचं माणूस सांभाळणारे. कोणी नवऱ्याला सांभाळतं, कोणी सासूला, कोणी नोकरी सोडून आईला. माझे यजमान गेली काही वर्षं या आजारात आहेत. आम्ही दोघंही अशाच एका संघाचे आजीव सभासद. तेव्हा हे पत्र बाहेरून आलेलं न मानता घरातल्याच माणसाचं मानावं.

संघात हा विषय काढला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: आमच्यात तसं कोणी नाही. २०२३ साली ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. दोनशे सभासदांच्या संघाने साधं त्रैराशिक मांडलं तरी चौदा-पंधरा माणसं निघतात. संघात येणारी मंडळी हिंडती-फिरती आणि शिकलेली असतात, म्हणून निम्मी धरा. उरली सात. ही सात माणसं कुठे आहेत?

ती यायची थांबली आहेत. आधी कोणीतरी एकाच सकाळी तोच किस्सा तिसऱ्यांदा सांगतं. मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. त्यात दुष्टावा नसतो. मग सहलीची वर्गणी दिली की नाही यावरून खजिनदाराशी वाजतं. मग रमीच्या डावात त्यांना कोणी घेईनासं होतं. एक दिवस ते फाटकापर्यंत येऊन परत जातात आणि पुढे येतच नाहीत. त्यांच्या मागोमाग त्यांची बायकोही यायची थांबते, कारण त्यांना एकटं टाकून ती येणार कशी? ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो. माझ्या माहितीतल्या एका संघात अशा एका सभासदाला वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचा पाऊस पडला, फुलांची चित्रं आली, ‘जीवेत शरदः शतम्’ आलं. वर्षभरात घरी मात्र कोणी फिरकलं नव्हतं. पत्नीने ते सगळे निरोप त्यांना वाचून दाखवले. ऐकून ते म्हणाले, ‘बरीच ओळख दिसते या गृहस्थांची.’

आजाराची शास्त्रीय माहिती मी इथे देत बसत नाही. दर २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, ती तुमच्या व्यासपीठावरून दिली जातेच. पडद्यावर मेंदूचं चित्र येतं, अक्रोड खावेत आणि शब्दकोडी सोडवावीत असं ठरतं, वक्त्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं. ऐकायला आलेले बहुतेक जण हा आजार आपल्याला होऊ नये म्हणून आलेले असतात. ज्यांच्या घरात तो शिरून बसला आहे ती माणसं त्या वेळी घरी न्हाणीघराच्या दाराशी कोणाची तरी मनधरणी करत उभी असतात. त्या कार्यक्रमांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांतून आम्हाला काही मिळत नाही, एवढंच.

आम्हाला कशातून मिळतं ते सांगते.

मी ज्या गटात जाते तो लहान आहे. कधी आठ जण असतात, कधी चारच. नाव नाही, नोंदणी नाही, लेटरहेड नाही. आमच्यापैकी एकांच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही बसतो. कोणाला गाडी काढायची असली की उठावं लागतं. रडणं अर्ध्यावर टाकून उठावं लागतं, हे मुद्दाम लिहिते, म्हणजे दार लावता येईल अशी खोली आम्ही का मागतो ते कळेल.

तिथला बहुतेक वेळ बारीकसारीक गोष्टींत जातो. एका मुलाचे वडील आंघोळीला काही केल्या तयार व्हायचे नाहीत. रोज सकाळी झटापट. गटातल्या एकीने सांगितलं, आंघोळीचं नावच काढू नका. पूजेची तयारी मांडा आणि म्हणा, ‘अण्णा, सोमवार आहे, पूजा खोळंबलीय.’ जन्मभर नेमाने पूजा केलेला माणूस, आपणहून पंचा शोधायला लागला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एकांनी हाच प्रयोग केला तर साफ फसला. त्यांचे वडील कामगार चळवळीतले, आयुष्यात देवाला हात न जोडलेले. त्यांना लागू पडलं ते वेगळंच: ‘नळाचं पाणी जाईल, लवकर उरका.’ चाळीत वाढलेल्या माणसाला ही भीती देवापेक्षा मोठी.

‘मला घरी जायचंय’ हे वाक्य आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. दिवेलागणीच्या सुमाराला, स्वतःच्याच घरात, माणूस पिशवीत दोन कपडे कोंबतो आणि दाराशी उभा राहतो. ‘अहो, हेच आपलं घर’ असं सांगून आजवर कोणाचंही समाधान झालेलं नाही. त्यापेक्षा चपला घाला, बरोबर निघा, कॉलनीला एक फेरी मारा आणि फाटकातून शिरताना म्हणा, ‘आलं बघा घर.’ बहुतेकदा चालतं. अंधारायच्या आधीच घरातले दिवे लावा, सावल्या पडू देऊ नका. दारातलं काळं पायपुसणं उचला, काहींना तो खड्डा वाटतो आणि ते पाऊल टाकत नाहीत. आरशातला म्हातारा कोण, म्हणून कोणी घाबरत असेल तर आरशावर टॉवेल टाका. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करा. दाराला आणखी एक कडी लावायची तर नजरेच्या बरीच वर किंवा बरीच खाली लावा. यातलं पुष्कळसं पुस्तकात सापडतं, मी नाकारत नाही. पण रात्री तीन वाजता कोणी पुस्तक उघडत नाही; तेव्हा गटातल्या माणसाने सांगितलेलं आठवतं, कारण ते सांगताना त्याचा चेहरा आपण पाहिलेला असतो.

कागदपत्रांचंही असंच. आमच्यातल्या एकांनी आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं होतं आणि ते निर्धास्त होते. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, नेमक्या त्या दिवशी ते निकामी. हे त्यांना गटातल्याच दुसऱ्या एकीने सांगितलं. तिला ते आधीच अनुभवाने कळलेलं होतं. पाळी आपल्यावर येण्याआधी खातं जोडीने करून घ्या, मृत्युपत्र समज शाबूत आहे तोवर आणि डॉक्टरांचा दाखला जोडून करा, निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी आजारी माणसाला बँकेच्या रांगेत ताटकळत ठेवू नका, तो आता घरबसल्या होतो. वकील हे सगळं सांगतात. पण वकिलाकडे वेळेवर गेलं पाहिजे, हे आधी कोणीतरी सांगावं लागतं.

आणि मग कधीतरी ते बोलणं निघतं ज्यासाठी माणसं खरी येतात.

आमच्यात एक सून आहे. सासूबाई दिवसातून चारदा तिच्यावर चोरीचा आळ घेतात. कधी पाटल्या, कधी पैसे, कधी नुसतं ‘माझं सगळं’. स्वतःच उशीखाली लपवलेली पोळी सापडली नाही की ‘ही मला उपाशी ठेवते’ असं शेजारी सांगून येतात, आणि शेजारच्यांना ते खरं वाटतं. तीच सासू मुलगी भेटायला आली की अर्धा तास इतकी छान बोलते, की मुलगी म्हणते, ‘वहिनी, आईला काही झालेलं नाही, तुमचंच काहीतरी बिनसलंय.’ ही बाई एकदा गटात येऊन बसली आणि म्हणाली, ‘काल मी त्यांना मारलं.’

कोणी हाय खाल्ली नाही, कोणी उपदेश केला नाही. पत्नीला सांभाळणारे एक निवृत्त पोलीस आहेत आमच्यात. त्यांनी विचारलं, ‘कुठे लागलं त्यांना? आणि तुम्ही रात्री झोपता किती?’ पुढचा तासभर आम्ही फक्त रात्रीबद्दल बोललो. रात्री कोण उठतं, किती वेळा उठतं, नवरा उठतो का, सकाळचा डबा कोणाचा, दुपारी तासभर पाठ टेकायला मिळते का. नवऱ्याला पुढच्या वेळी बरोबर आणायचं ठरलं, आणि तो आला. हल्ली एक दिवसाआड रात्रीची पाळी त्याची असते. डॉक्टरांना सांगून रात्रीच्या औषधाची वेळही बदलून घेतली. तिचा हात पुन्हा उठलेला नाही, असं ती सांगते, आणि आमचा तिच्यावर विश्वास आहे.

दुसरं एक वाक्य आहे. ‘यांचं आता लवकर सुटावं.’ त्याच्या पोटात आणखी एक असतं: माझंही सुटावं. हे देवळात म्हणता येत नाही, परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर म्हणता येत नाही, माहेरी तर नाहीच. आमच्या पार्किंगमध्ये ते जवळजवळ प्रत्येकाचं म्हणून झालं आहे. म्हणून झालं की माणूस घरी जातो आणि मऊ भात कालवायला घेतो.

तुमच्यापैकी डॉक्टर किंवा शिक्षक असलेले विचारतील, याला अभ्यासाचा आधार काय? आहे, आणि तो शेजारचाच आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने, डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डिमेन्शियाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबं घेऊन एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. घरी जाणारी माणसं तज्ज्ञ नव्हती. बारावीपर्यंत शिकलेली, कोकणी बोलणारी, स्थानिक. थोडं प्रशिक्षण देऊन त्यांना सहा महिने या घरांत पाठवलं. आजार समजावून सांगणं, अवघड वागणुकीवर तोड काढणं, अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देणं ही त्यांची कामं. मागून मनोविकारतज्ज्ञांचं लक्ष होतं. आजार काही मागे फिरला नाही, तो फिरतही नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला. लांबचं उदाहरण हवं असेल तर न्यू यॉर्क विद्यापीठातल्या मेरी मिटलमन यांचं. आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षं केला. ज्यांना समुपदेशन, गट आणि अडल्यावेळी फोनवर बोलायला माणूस मिळालं, त्यांच्या घरचा रुग्ण शुश्रूषागृहात जायला इतरांपेक्षा साधारण ५५७ दिवस उशीर झाला. आपल्याकडे परवडतील अशी शुश्रूषागृहं मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दीड वर्ष म्हणजे काय, हे सांभाळणाऱ्याला विचारा.

आणखी एक गोष्ट मला इतिहासात फार लक्षणीय वाटते. जगात या आजारासाठी ज्या मोठ्या संस्था आज दिसतात, त्यांतल्या कित्येकींचा पाया अशाच थकलेल्या नातेवाइकांनी घातला. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन १९८० सालची. तिचे संस्थापक जेरोम स्टोन हे शिकागोचे उद्योजक, त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्याच वर्षी जपानमध्ये क्योटोला कुटुंबीयांची संघटना उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या नावातच ‘म्हाताऱ्यांना सांभाळणारी कुटुंबं’ होती. २०२३ मध्ये जपानच्या संसदेने डिमेन्शियासाठी स्वतंत्र कायदा केला. नेदरलँड्समध्ये लायडन इथे १९९७ साली बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञांनी ‘अल्झायमर कॅफे’ सुरू केला: रुग्ण, घरचे आणि डॉक्टर एकाच टेबलाशी कॉफी घेत बसतात, कोणी कोणाला लपवत नाही. भारतात केरळमध्ये १९९२ साली डॉ. के. जेकब रॉय यांनी एआरडीएसआय ही संघटना सुरू केली. तिच्या शाखा आता अनेक शहरांत आहेत, मुंबईतही आहे. पण शाखा शहरात असते आणि रुग्ण सिन्नरला किंवा कराडला असतो.

आता महाराष्ट्राकडे येते. स्वमदत गट ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा सहचरी गट आहे. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने आणि ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेने मनोरुग्णांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं एकत्र बसवलं. पुण्याचं पार्किन्सन मित्रमंडळ तर रुग्ण आणि घरच्यांनीच चालवलेलं. तिथे आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, सहली जातात, नाच होतात. मग डिमेन्शियासाठी असे गट गावोगावी का उभे राहिले नाहीत? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माणसांना गरज वाटत नाही किंवा लाज वाटते, ही उत्तरं अर्धवट आहेत. खरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. पार्किन्सनचा शुभार्थी बहुधा शुभंकराबरोबर सभेला येऊ शकतो, आणि त्याला सभा कळते. दारुड्याची बायको दुपारी दोन तास घराबाहेर पडू शकते. आमच्या माणसाला, आजार मध्यावर आला की, बरोबरही आणता येत नाही आणि मागेही ठेवता येत नाही. गटाची ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच येऊ शकत नाही. आमच्याकडे कधी आठ तर कधी चार का असतात, त्याचं उत्तर हेच. उरलेल्या चौघांच्या घरी त्या दिवशी मावशी आलेली नसते.

ब्युरोची मावशी सगळ्यांना परवडत नाही, आणि परवडली तरी महिन्यातून दोन तासांसाठी ब्युरो माणूस पाठवत नाही. मुलं लांब. शेजारीण एकदा बसते. दुसऱ्यांदा तिलाही भीती वाटते. सरकारी योजनांबद्दल या पत्रात लिहीत नाही, ते वेगळं भांडण आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या सांभाळणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना ६०० रुपये मिळतात; रक्कम क्षुल्लक आहे, पण सांभाळणारा म्हणून कोणी असतो हे तरी तिथे कागदावर आलं. आपल्याकडे ते व्हायचं तेव्हा होईल. तोवर गावात दुपारी मोकळी, निरोगी, विश्वासाची आणि डिमेन्शियाच्या माणसाच्या वयाचीच माणसं सर्वांत जास्त कुठे सापडतात? तुमच्याकडे.

परकं माणूस आपल्या माणसाला कसं सांभाळेल, ही शंका घरच्यांनाच आधी येते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत निघून जातात आणि माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या, पदरी पडतात. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बाई त्यांना किती सहज सांभाळते! कारण तिच्या दृष्टीने त्यांचं काही हरवलेलंच नाही. ते आधी कोण होते हे तिला ठाऊक नाही. समोर एक भुकेला म्हातारा आहे, एवढंच तिला दिसतं. मुलीला मात्र प्रत्येक वाक्यात गेलेले वडील दिसतात. सिनेमाने ताणलं असेल थोडं, पण दोन तासांपुरतं परकेपण खरोखर सोयीचं असतं, हे आम्ही आमच्या घरांत पाहिलं आहे. ‘अहो, तुम्ही हे विसरलात?’ असं बाहेरचा माणूस म्हणत नाही.

निदान म्हणू नये. कारण संघातली चांगली चांगली माणसं भेटायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न कायमचा सोडून द्यावा, ही माझी हात जोडून विनंती. आल्यावर स्वतःच नाव सांगावं, ‘मी कुलकर्णी, आपण संघात बरोबर असायचो,’ आणि बसावं. चुकीचं बोलले तर दुरुस्त करू नये. ते म्हणाले आई स्वयंपाकघरात आहे, तर आईच्या हातचं काय आवडतं ते विचारावं. मेथी निवडायला द्यावी, रुमालांच्या घड्या घालाव्यात, जुना अल्बम उघडावा. पत्ते खेळता येत नसले तरी पिसता येतात. जुनी गाणी लावली तर बोलणं जवळजवळ गेलेलं माणूसही कडवंच्या कडवं म्हणतं, हे ऐकून चकित व्हाल. पहिल्या एक-दोन वेळा घरचं माणूस तिथेच थांबेल, ओळख होऊ दे. मगच एकट्याने बसायचं. औषध देणं, शौचाचं बघणं, उचलणं ही कामं बसायला आलेल्याने करायची नाहीत. फोन हाताशी ठेवायचा, आम्ही पाच मिनिटांच्या अंतरावर असतो. पुरुषांकडे पुरुषाने बसावं, बायकांकडे बाईने. एवढं पुरे. ज्यांचं माणूस आता गेलं आहे असे आमच्यातले दोघं-तिघं अजून गटात येतात; तुमच्या सभासदांना तयार करण्याचं काम ते आनंदाने करतील. त्यांच्याइतकी या कामातली तयारीची माणसं तुम्हाला कुठल्याही कार्यशाळेत मिळणार नाहीत.

आक्षेप काय येतील ते मला ठाऊक आहे. मीही एकेकाळी कार्यकारिणीत बसलेली आहे. ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ घरचे. तसं लेखी देऊ. ‘आपणच सत्तरीचे, आपण काय सांभाळणार?’ आमच्यातले निम्मे सांभाळणारे सत्तरीचेच आहेत, आणि ते दोन तास नव्हे, अष्टौप्रहर सांभाळतात. ‘संघ विरंगुळ्यासाठी आहे, इथे दुःखाचं वातावरण नको.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळत नाही. खरं सांगायचं तर ते वातावरण तुमच्या संघात आत्ताही आहे. सत्तरीच्या कुठल्याही बायकोला विचारा, नवरा किल्ल्या विसरला की तिच्या पोटात काय होतं. आमच्या बैठकीत हसणंही पुष्कळ असतं. आमचे विनोद बाहेर सांगण्यासारखे नसतात एवढंच.

‘त्यापेक्षा एखादं शिबिर घेऊ, तपासणी ठेवू,’ असंही कोणी सुचवेल. तपासणी जरूर ठेवा. विस्मरणामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य असलं तर उपचाराने फरक पडतो, आणि हे वेळेवर कळलेलं केव्हाही चांगलं. पण ज्याचं निदान होऊन गेलं त्याच्या बायकोला शिबिराचा काय उपयोग?

दोन अटी आमच्याकडूनही आहेत. पहिली थोडी बोचेल. हॉल द्या, पण बैठकीत बसू नका. सासूच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी समोर असतील तर सून तोंड उघडणार नाही, आणि सून बोलली नाही तर अर्धा गट मुका. पदाधिकाऱ्यांनी कुलूप उघडून द्यावं, पाण्याची बाटली ठेवावी आणि जावं. उद्घाटन नको, फोटो नको, संघाच्या मुखपत्रात नावं नकोत. दुसरी अट विक्रीबद्दल. विस्मरणावर रामबाण तेल, चूर्ण, पट्टा, चुंबक घेऊन येणारे आम्हाला लगेच हुंगून काढतात. त्यांना फाटकातच अडवा. गटातल्या गटातही भानगडी होतात, ते लपवत नाही. एकच माणूस तासभर बोलत राहतो. ‘तुमचं काहीच नाही, आमच्याकडे बघा’ अशी दुःखाची चढाओढ लागते. एखादी गोष्ट बाहेर फुटते आणि माणूस दुखावून यायचा थांबतो. यासाठी बैठक चालवायला गटातलीच, पण जरा निबर झालेली व्यक्ती लागते. ती आमची आम्ही ठरवू. सगळ्यांना गट मानवतोच असंही नाही. काहींना दुसऱ्यांच्या पुढच्या पायऱ्या बघून धसका बसतो, ती एकदाच येतात. त्यांच्यासाठी एखादा फोन पुरतो.

शनिवार दुपार का, तर नोकरी करणारे मुलगे आणि जावई त्या वेळी येऊ शकतात. सांभाळणं हे बायकांचं काम म्हणून आधीच ठरलेलं असतं. बैठकही मंगळवारी सकाळी ठेवली तर ते कायमचं ठरून जाईल.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि होय किंवा नाही काय ते कळवावं. ‘नाही’ आलं तरी चालेल, आम्ही शाळेत विचारू; पण बसायला माणसं शाळेत मिळणार नाहीत, म्हणून आधी तुम्हाला विचारलं. गावात असा गट नसेल आणि तुमच्या संघाला स्वतःहून सुरुवात करायची असेल, तर सभासदांची जुनी यादी काढा. गेल्या दोन-तीन वर्षांत कोण यायचं थांबलं ते बघा, आणि दोघांनी मिळून त्यांच्या घरी जा. फोन करून जाऊ नका. फोनवर सगळे ‘बरं आहे’ म्हणतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद

ता. क. विषयपत्रिकेवर हा विषय क्रमांक टाकून लिहावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात ढकलू नये. तोवर चहा आलेला असतो आणि मंडळी उठलेली असतात.